चार सॅक्सोफोनसाठी लिहायचंय, मग बीकॉमचं काय?

कोल्हापूरहून बारावीतल्या एका मुलाचं पत्र आलंय. बाबांचा लग्नाचा बँड आहे, त्यातच आल्टो सॅक्स शिकला, आता क्लासिकल आणि जॅझ मिसळून फक्त सॅक्सोफोनच्या ग्रुपसाठी कंपोज करायचंय, घरचे म्हणतात गप बीकॉम कर.

अरे, घरच्यांशी नंतर भांडू, आधी सांग तू आजवर लिहिलंयस किती? पत्रात 'आवड' तीनदा आलीय, पीस एकही नाही.

आयडिया वेडी नाहीये. रशियन कंपोझर ग्लाझुनोव्हनं १९३२ मध्ये चार सॅक्सचं क्वार्टेट लिहिलंय, क्लासिकल आणि जॅझच्या मधल्या वाटेला अमेरिकन कंपोझर गुंथर शुलरनं १९५७ मध्ये 'थर्ड स्ट्रीम' नाव दिलं आणि पुढे बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्वेटरीत त्याचं डिपार्टमेंटच निघालं. तिथली फी बघून बाबांना घेरी येईल म्हणा, स्कॉलरशिपशिवाय विषय काढूच नकोस.

पण कुठेही जायचं तर दाखवायला काहीतरी लागणार. तीन मिनिटांचा पीस लिही. नोटेशन लिहून ऐकवणारं म्युझस्कोर सॉफ्टवेअर फुकट आहे, फक्त त्यावर ऐकून खूश होऊ नकोस, कॉम्प्युटरला दम लागत नाही, खालचे सूर धरणाऱ्या मोठ्या बॅरिटोन सॅक्सवाल्याला लागतो, त्याला सलग बास दिलास तर बिचारा लालेलाल होईल. आणि ट्रान्सपोझिशन, म्हणजे प्रत्येक सॅक्ससाठी सूर सरकवून लिहिणं, सांभाळ! कागदावरचा सी आल्टोवर ई फ्लॅट ऐकू येतो, टेनरवर बी फ्लॅट. सगळ्यांना एकच कागद वाटायचा पराक्रम मी कॉलेजात केलाय, पहिल्याच सुराला खालचा कुत्रा रडायला लागला होता. दुसरी गोची स्विंगची. दोन क्वेव्हर, म्हणजे अर्ध्या मात्रेचे सूर, कागदावर दिसायला सारखेच, पण जॅझवाला पहिला लांबवतो, क्लासिकलवाला दोन्ही सरळ वाजवतो, म्हणून कुठे स्विंग कुठे सरळ ते प्रत्येकाच्या पार्टमध्ये लिहून दे.

पैशाचं खरं सांगू? नुसत्या चेंबर म्युझिकवर, म्हणजे अशा छोट्या ग्रुपसाठीच्या संगीतावर, घर चालणं अवघड आहे, लिहिणारे बहुतेक जण सोबत शिकवतात, वाजवतात, अरेंजिंग करतात. त्यामुळे बीकॉमला ॲडमिशन घे, जोडीला ट्रिनिटी नाहीतर एबीआरएसएम या लंडनच्या बोर्डांच्या संगीत परीक्षांच्या ग्रेड्स दे, थिअरी पक्की होईल.

वाजवणारे शोधायला मुंबईला पळू नकोस, बाबांचा बँड आहे की! क्वार्टेटला लागणारे सोप्रानो (उंच सुरांचा सॅक्स) आणि बॅरिटोन त्यात नसतील तर दोन आल्टो, दोन टेनरसाठी लिही, लग्नसराई संपली की एका दुपारी सगळ्यांना बसव, मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि मला पाठव. दुसरा टेनर बाबांनाच दे.