‘महासाथ जाहीर केली’ की ‘आणीबाणी जाहीर केली’?

विचारणा अशी आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या बातम्यांत उद्रेक, साथ, महासाथ, महामारी आणि आरोग्य आणीबाणी हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. ते समानार्थी आहेत का? आणि महासाथ ही आणीबाणीच्या वरची पायरी मानायची का?

उद्रेक, साथ, महासाथ हे शब्द रोग किती पसरला ते सांगतात. एखाद्या ठिकाणी नेहमीपेक्षा जास्त रुग्ण अचानक दिसू लागले तर उद्रेक, मोठ्या प्रदेशात फैलाव झाला तर साथ, आणि ती खंड ओलांडून अनेक देशांत गेली तर महासाथ. ‘महामारी’त भर मरणावर आहे. २००९ मध्ये एच१एन१ फ्लू जगभर पसरला, पण बहुतेकांचा आजार सौम्य होता. त्याला महासाथ म्हणणे योग्य, महामारी म्हणणे अतिशयोक्त. तांत्रिक लेखनात ‘महासाथ’च वापरावा, असे माझे ठाम मत आहे.

‘आणीबाणी’चे कूळ वेगळे. हा शब्द कायद्यातला आहे. २००५ साली मंजूर झालेली आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली १५ जून २००७ पासून लागू आहे आणि जगातली जवळजवळ सगळी राष्ट्रे तिने बांधलेली आहेत. तिच्यातल्या ‘public health emergency of international concern’ या संज्ञेचे ‘आंतरराष्ट्रीय चिंतेची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी’ हे प्रचलित भाषांतर दिशाभूल करते. इथे कोणाला काळजी वाटते हा मुद्दाच नाही. घटना असाधारण आहे, रोग सीमा ओलांडून इतर देशांना धोका पोहोचवू शकतो आणि देशांनी मिळून पावले उचलावी लागण्याची शक्यता आहे, एवढे त्यात अभिप्रेत आहे. ‘आंतरराष्ट्रीय दखलपात्र आरोग्य आणीबाणी’ हे त्याहून बरे.

ही आणीबाणी रुग्णसंख्येवर ठरत नाही. पोलिओची आणीबाणी ५ मे २०१४ रोजी जाहीर झाली आणि रुग्ण मोजके असतानाही वर्षानुवर्षे चालू राहिली, कारण निर्मूलनाच्या उंबरठ्यावर विषाणू पुन्हा दुसऱ्या देशात जाणे परवडणारे नव्हते. उलट हिवतापाने वर्षाला सुमारे ६ लाख माणसे मरतात, तरी त्यासाठी अशी आणीबाणी कधी जाहीर झालेली नाही. ते संकट लहान आहे असे नव्हे; ते अनपेक्षित नाही.

प्रक्रिया माहीत असली की क्रियापदेही नीट निवडता येतात. संशयास्पद घटनेचा अहवाल राष्ट्रीय पातळीवर आला की ४८ तासांत तिचे मूल्यमापन करायचे असते. प्रश्न चार: आरोग्यावरचा परिणाम गंभीर आहे का, घटना अनपेक्षित आहे का, रोग दुसऱ्या देशात पसरण्याचा मोठा धोका आहे का, प्रवास वा व्यापारावर निर्बंध येण्याचा मोठा धोका आहे का? दोन उत्तरे होकारार्थी आली, तर मूल्यमापनानंतर २४ तासांत संघटनेला कळवणे बंधनकारक आहे. देवी, वन्य विषाणूचा पोलिओ, माणसात आढळलेला फ्लूचा नवा उपप्रकार आणि सार्स (श्वसनाचा गंभीर संसर्गजन्य आजार) यांचा एक रुग्णही पुरतो. या कळवण्याला ‘अधिसूचना’ म्हणू नये. मराठीत अधिसूचना राजपत्रात निघते. आणि ‘अमुक देशाने साथीची कबुली दिली’ हे तर कटाक्षाने टाळावे. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी ओमायक्रॉन या कोविड विषाणूच्या नव्या प्रकाराची माहिती तत्परतेने कळवली आणि काही दिवसांतच अनेक देशांनी तिथल्या प्रवाशांना दारे बंद केली. कळवणाऱ्यालाच शिक्षा होते असे दिसले की पुढचा देश माहिती दडपतो. ‘कबुली’सारखा शब्द कर्तव्य बजावणाऱ्याला आरोपी करतो.

आणीबाणी जाहीर करतात आरोग्य संघटनेचे महासंचालक. तज्ज्ञांची आणीबाणी समिती फक्त सल्ला देते. जुलै २०२२ मध्ये मंकीपॉक्सबाबत समितीत एकमत नसतानाही महासंचालकांनी ती जाहीर केली. सोबत निघतात त्या तात्पुरत्या शिफारशी. ‘आरोग्य संघटनेचा आदेश’ हे चूक, कारण त्या बंधनकारक नसतात. ३ महिन्यांनी त्या आपोआप संपतात, वाढवाव्या लागतात; आणीबाणी मात्र आपोआप संपत नाही.

आता पायरीचा प्रश्न. कोविडची आणीबाणी ३० जानेवारी २०२० रोजी जाहीर झाली. ११ मार्चला महासंचालकांनी परिस्थितीला महासाथ म्हटले, पण त्या शब्दाने तेव्हा कोणतेही नवे कायदेशीर बंधन आले नाही. त्यामुळे २०२० बद्दल लिहिताना ‘आणीबाणी जाहीर केली’ आणि ‘महासाथ असे संबोधले’ असा भेद ठेवावा. नियमावलीतल्या २०२४ च्या दुरुस्त्या १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि त्यांत ‘महासाथ आणीबाणी’ ही वरची पायरी प्रथमच आली. यापुढे तीही ‘जाहीर केली’ म्हणता येईल. ज्या देशांनी दुरुस्त्या नाकारल्या, त्यांना मात्र जुनाच मजकूर लागू राहतो.

महासाथीची पूर्वतयारी आणि मुकाबला यांसाठी देशांनी केलेला महासाथ करार हा या नियमावलीचा भाग नाही, तो स्वतंत्र दस्तऐवज आहे. २० मे २०२५ रोजी तो ‘स्वीकारला’ गेला. तो ‘लागू’ होण्यासाठी रोगजंतूंचे नमुने आणि त्यांतून होणारे लाभ कसे वाटून घ्यायचे याचे परिशिष्ट मंजूर व्हावे लागते आणि त्यानंतर ६० देशांचे अनुसमर्थन (करार बंधनकारक मानण्याची औपचारिक संमती) लागते.