पाचर मारणे म्हणजे अडवणे की फोडणे?

बेळगावच्या वडगावातल्या एका ताईंनी विचारलंय. (पाचर म्हणजे फटीत ठोकायचा, एका टोकाला निमुळता लाकडाचा नाहीतर लोखंडाचा तुकडा.) त्यांच्या पोरीला मराठीच्या पेपरात 'पाचर मारणे'चा अर्थ लिहून वाक्यात उपयोग करायचा होता, तिनं अर्थ लिहिला फूट पाडणे आणि वाक्य केलं 'शेजारच्या काकूंनी दोन जावांमध्ये पाचर मारली'. बाईंनी लाल पेननं काट मारून बाजूला लिहिलं, अडथळा आणणे. ताईंचं म्हणणं, आमच्या घरासमोर जळणाची वखार आहे, रोज सकाळी पाचर मारलेली बघतोय, पाचर मारली की लाकूड फुटतंयच की ओ, अडतंय कुठं?

ताईंचा मुद्दा बिनतोड आहे. आणि बाईंचंही चुकलेलं नाही, हीच तर गंमत आहे.

आधी वखारीतलं बघू. जळण (पुण्याकडचे सरपण म्हणतात, आमच्यात जळाणच) फोडताना बारकं लाकूड असेल तर कुऱ्हाडीच्या दोन घावांत काम होतं, पाचर लागतच नाही. पाचर लागते ती चिंचेच्या नाहीतर बाभळीच्या जाड बुंध्याला. लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाला वखार होती, तिथं एक मामा हे काम करायचे आणि आम्ही पोरं शाळा चुकवून बघत बसायचो. मामा आधी ओंडक्याभोवती एक फेरी मारायचे, गाठ कुठं आहे बघायचे, कारण गाठीत पाचर घातली की ती तिथंच रुतून बसते. मग कुऱ्हाडीनं एक खाच, त्यात लोखंडी पाचर टेकवून दोन हलके ठोके ती उभी राहण्यापुरते, आणि मग घण. तिसऱ्या-चौथ्या घणाला ओंडक्यातून कर्रर्र आवाज यायचा आणि भेग पुढं पळायची. पण हमखास एखादी पाचर मधेच अडकायची, ना पुढं ना मागं, मग त्या भेगेतच जरा पुढं दुसरी पाचर मारायची की भेग रुंदावून पहिली आपोआप ढिली होऊन खाली पडायची. "लांब ऱ्हावा रं पोरांनो, उडंल" असं ते प्रत्येक घणाला म्हणायचे आणि आम्ही प्रत्येक घणाला एक पाऊल पुढं सरकायचो.

इथपर्यंत ताई जिंकल्या. पण त्याच मामांच्या हातातली कुऱ्हाड बघा. दांडा नेढ्यात (पात्याच्या भोकात) बसवला की वरच्या टोकाला एक चीर देऊन तिथं बारकी लाकडी पाचर ठोकतात, दांड्याचं टोक फुलतं आणि नेढ्यात गच्च बसतं. म्हणजे इथं पाचर धरून ठेवायला. हीच पाचर सैल झाली की कुऱ्हाडीचं पातं उडून कुणाच्या तरी पायावर, म्हणून रात्री कुऱ्हाड पाण्यात टाकून ठेवायची, लाकूड फुगलं की सकाळी घट्ट, अर्थात उन्हात वाळली की परत तेच रडगाणं, त्यापेक्षा नवी पाचर बरी. सुतारही चौकटीचा सांधा ढिला वाटला की पाचर ठोकून आवळतो.

आणि करवतीचं काम, ते तर अजून वेगळं. सॉ मिल येण्याआधी ओंडका उंचावर ठेवून एक माणूस वर एक खाली असं दोघं मिळून फळ्या चिरायचे (खालच्याच्या डोळ्यात भुसा जायचा तो वेगळा), चिरत गेलं की लाकूड मागनं मिटायला बघतं आणि करवत धरून ठेवतं. मग चिरलेल्या फटीत पाचर घालायची, फट उघडी राहते आणि करवत मोकळी चालते. इथं पाचर फोडत नाही, नुसती मिटू देत नाही. पंचतंत्रातलं माकड आठवा, अर्धवट फोडलेल्या खांबात खैराची पाचर होती, ती यानं उपटली आणि खांब मिटून त्यात सापडून मेलं. तिथं घात पाचर मारून झाला नाही, काढून झाला.

मग अडथळा आला कुठून? तो आला फिरणाऱ्या, उघडमीट होणाऱ्या वस्तूंवरनं, असं माझं मत. वाऱ्यानं आपटणाऱ्या दाराखाली लाकडाची ढलपी सारतात की नाही, चढावर उभ्या गाडीच्या चाकाला काहीतरी अडकवतात की नाही, तेच. चाललेली वस्तू पाचरीनं थांबते. मराठीत वाक्प्रचार झाला तो ह्या थांबवण्याचा, आणि हिंदीतही 'पच्चर अड़ाना' म्हणजे कामात विघ्न आणणंच, त्यामुळं हा अर्थ कुणा एका बाईंच्या डोक्यातला नाही. गल्लीतल्या गटाराचं काम मंजूर झालं, पाइप येऊन पडले, आणि कुणीतरी अर्ज देऊन पाचर मारली, आता दोन पावसाळे झाले पाइपात कुत्री झोपायलीत, हे एकदम अस्सल वाक्य (आमच्याच गल्लीचं आहे, सोडा).

दोघांत पाचर मारणे हे मात्र मला वाटतं इंग्रजीतनं पेपरवाल्यांनी आणलंय, 'अमक्यानं युतीत पाचर मारली' वगैरे. जुन्या मराठीत त्याला फूट पाडणे, काडी लावणे, कान भरणे असलं घरचं भांडार आहे, आणि दोन जावांच्या वाक्यात खरं तर काडी लावली हेच शोभतं. पण वाईट म्हणजे किती वाईट? लाकूड फोडणाऱ्याला पोरीचं वाक्य ऐकून काहीच खटकणार नाही. मी असतो तर अर्धा मार्क दिला असता.

ह्याच घरातले बाकीचे शब्द घोळात घेऊ नका म्हणून सांगतो. खीळ बसली म्हणजे काम ठप्प, ती बसवायला कुणी माणूस असेलच असं नाही. पाचर मात्र कुणीतरी मुद्दाम मारतो. मेख असते ती लपलेली, 'इथंच तर मेख आहे'. आणि खुंटी हलवून बळकट करणे म्हणजे एकदा ठरलेलं परत विचारून पक्कं करून घेणे, त्यात वाईट काही नाही.

बेळगावची अजून एक अडचण. कन्नडमध्ये पाचरीला 'बेणे' म्हणतात, आणि आपल्यात बेणं म्हणजे लावणीचा ऊस, शिवाय इरसाल पोरगं. नवीन कन्नड सुताराला मदत करताना तो "बेणे कोडी" म्हणाला तर शिवाराकडं पळू नका, पायापाशी बघा, तिथंच पडलेली असते.

आणि हो, पोरीला सांगा, ती पाचर, तो पाचर नव्हे. अनेकवचन पाचरी.