रिमॅप केलेल्या स्कॉर्पिओला गेज: आधी ईजीटी, मग बाकीचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीएस-४ काळातली २.२ एमहॉक स्कॉर्पिओ, स्टेज वनचा रिमॅप मारलेला (म्हणजे इंजिनाच्या संगणकातला इंधनाचा मॅप बदलून ताकद वाढवलेली), टर्बोची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर मोठा केलेला, आणि यंदा लेह गाठायचंय. ए-पिलरवर, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर, तीन गेज हवेत. दुकानदार बूस्ट (टर्बोने ढकललेल्या हवेचा दाब), व्होल्ट आणि ऑइल प्रेशरचा सेट गळ्यात मारतोय. ईजीटी, म्हणजे एक्झॉस्ट गॅसचं तापमान, हवाच असेल तर टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट नळीत, डाउनपाइपात, लावून देतो, म्हणजे सिलिंडरांचा गॅस टर्बोपर्यंत नेणाऱ्या मॅनिफोल्डला हात लावायला नको, असं त्याचं म्हणणं. मित्र म्हणतो की गाडीच्या ओबीडी (डायग्नोस्टिक) सॉकेटात डोंगल लावला की मोबाइलवर सगळं दिसतं, गेजवर पैसे कशाला घालवता.

दुकानदाराचा सेट घेऊ नका. व्होल्टमीटर तर मुळीच नको. अल्टरनेटर गेला की डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा लागतोच, त्यासाठी एक जागा अडवू नका. माझा क्रम असा: पहिला ईजीटी, आणि तोही टर्बोच्या आधी. दुसरा बूस्ट. तिसरा ऑइल प्रेशर किंवा कूलंटचं खरं तापमान. एकाच गेजपुरते पैसे असतील तर फक्त ईजीटी घ्या.

याचं कारण डिझेलच्या स्वभावात आहे. पेट्रोल गाड्यांवर काम केलेल्यांच्या डोक्यात 'इंधन कमी पडलं की इंजिन तापतं' हे पक्कं बसलेलं असतं. डिझेलचं उलटं. डिझेलमध्ये हवा नेहमी गरजेपेक्षा जास्त असते, आणि जितकं इंधन जास्त सोडाल तितकं तापमान वर. एक भाग डिझेल पूर्ण जाळायला साधारण साडेचौदा भाग हवा पुरते, पण प्रत्यक्षात हवा अठरा-वीस भागांच्या खाली आली की काळा धूर दिसायला लागतो. कंपनीचा मॅप त्या रेषेच्या बराच अलीकडे थांबतो. रिमॅप करणारा तुम्हाला जी ताकद विकतो ती याच शिल्लक जागेतून काढलेली असते. मोठ्या इंटरकूलरने थोडी जागा परत मिळते, सगळी नाही.

शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी. मॅनिफोल्डात ७०० अंश दिसले म्हणजे पिस्टन तेवढा तापलाय असं नाही. खालून ऑइलचा फवारा त्याला थंड ठेवत असतो आणि दर फेरीला ताजी हवा आत येते. पण चढावर मिनिटामागून मिनिट तेवढ्यावर चालवलं तर ती उष्णता जाणार कुठे? पिस्टनच्या माथ्यात, व्हॉल्व्हमध्ये आणि टर्बोच्या टर्बाइनमध्ये.

हे किती पटकन होतं ते सांगतो. कसारा घाट, मेमधली दुपार, गाडी भरलेली, एसी चालू, पुढे कंटेनर. चौथ्या गिअरमध्ये १६०० आरपीएमवर पाय दाबून धरला की काटा ४८०, ५६०, ६४० करत बघता बघता ७०० ओलांडतो. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा या सगळ्या वेळात मध्यावरून हललेला नसतो. आता तिसरा टाका. आरपीएम २४०० च्या आसपास जातो, आवाज वाढतो, शेजारी बसलेला म्हणतो 'इंजिनाला त्रास देऊ नकोस', आणि ईजीटी खाली ६२० वर येतो. टर्बो जास्त हवा ढकलतोय आणि तेवढ्याच कामाला दर फेरीमागे इंधन कमी लागतंय. गेज लावल्यावर बहुतेकांची घाटात गाडी चालवायची पद्धतच बदलते, आणि मला विचाराल तर खर्च त्यातच वसूल होतो.

आकडे म्हणाल तर टर्बोच्या आधी: आयडलला १२० ते १८०, सपाट रस्त्यावर ऐंशी-नव्वदच्या वेगाला ३०० ते ४००. सतत चढाला ७०० च्या आत ठेवा. ओव्हरटेक करताना काही सेकंद ७५० दिसले तर घाबरू नका, पण ८०० दिसत असतील तर गेज सोडा आणि रिमॅपवाल्याला जाऊन भेटा. काळा धूर येतोय आणि ईजीटीही वर आहे, तर आधी इंटरकूलरच्या होज पाइपांच्या क्लिपा तपासा. इंटरकूलर बदललेल्या गाडीत बूस्ट गळणं ही फार नेहमीची भानगड आहे.

आता मित्राचा ओबीडी. डोंगल जरूर घ्या, मीही वापरतो, कूलंटचं तापमान पाहायला उत्तम. पण बीएस-४ काळातल्या बहुतेक डिझेल गाड्यांत एक्झॉस्टचं तापमान मोजणारा सेन्सरच नाही, मग ॲप दाखवणार कुठून? बीएस-६ मध्ये डीपीएफमुळे, म्हणजे काजळी गाळणाऱ्या फिल्टरमुळे, ते सेन्सर आले, तो विषय वेगळा. शिवाय स्वस्त डोंगलवर आकडा अडखळत बदलतो, आणि चढावर तुम्हाला हलता काटा हवा असतो. अजून एक गोष्ट: रिमॅपऐवजी वायरिंगमध्ये लावायचा ट्यूनिंग बॉक्स असेल, तर तो ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, रेल प्रेशर (इंधनाच्या नळीतला दाब) कमी दाखवूनच काम करतो. म्हणजे ओबीडीवर दिसतो तो फसवलेला आकडा. स्वतंत्र सेन्सर लावायचा तो यासाठी.

ईजीटीचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी सळई, कुठे लावायची? टर्बोनंतर नको. टर्बाइन त्याच गॅसमधली ऊर्जा काढून घेतं, त्यामुळे पुढे तापमान १०० ते २०० अंशांनी कमी दिसतं. हा फरक ठरलेला असता तर बेरीज करून भागलं असतं, पण तो लोडप्रमाणे बदलतो आणि नेमका पूर्ण लोडला सर्वांत मोठा असतो. दुकानदाराच्या बाजूने एवढं म्हणता येईल की टर्बोआधी लावलेल्या प्रोबचं टोक तुटलं तर ते थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातं. म्हणून प्रोब चांगला घ्या, स्टेनलेस किंवा इनकोनेलच्या आवरणाचा, तीन मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. आयता सेट घ्यायचा नसेल तर भोसरी-चाकणच्या कारखान्यांना थर्मोकपल पुरवणारे लोक हव्या त्या लांबीचा के टाइप (थर्मोकपलचा एक प्रकार) बनवून देतात.

भोक मॅनिफोल्डमध्ये, चारही सिलिंडरचे रस्ते एकत्र होतात तिथे, टर्बोच्या फ्लँजच्या थोडं अलीकडे. प्रोबचं टोक प्रवाहाच्या मधोमध आलं पाहिजे. भिंतीजवळ राहिलं तर आकडा कमी येतो. मॅनिफोल्ड गाडीवर ठेवूनच, इंजिन चालू करून, 'कीस आपोआप बाहेर उडतो' म्हणत भोक पाडणारे मेकॅनिक आहेत. ड्रिलला ग्रीस आणि लोहचुंबक घेऊन काम करणारेही आहेत, ते त्यातल्या त्यात बरे. तरीही बिडाचा कीस भुकटीसारखा असतो, थोडा आत राहतोच, आणि टर्बाइन मिनिटाला लाखाच्या घरात फिरतं. मॅनिफोल्ड उतरवा. नवा गॅसकेट लागेल, एखादा गंजलेला स्टड तुटेल, दिवस जाईल. टर्बो बदलण्यापेक्षा हे स्वस्तच.

आट्यांकडे लक्ष द्या. बाहेरून येणाऱ्या गेजच्या फिटिंगला बहुधा १/८ एनपीटीचे (अमेरिकन पद्धतीचे) आटे असतात, इंचाला २७. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात १/८ म्हटलं की हातात पडतो ब्रिटिश पद्धतीचा बीएसपी, इंचाला २८. दोन्ही एकमेकांत दोन-तीन फेरे छान बसतात आणि मग अडकतात. मेकॅनिक पान्याला पाइप लावून जोर देतो आणि आटे खलास. एनपीटीचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मुंबईत नागदेवीला मिळतो, तो स्वतः विकत घेऊन मेकॅनिकला द्या. ड्रिल साधारण साडेआठ मिलिमीटरचा. आटे निमुळते असल्याने टॅप शेवटपर्यंत घुसवायचा नाही. थोडे थोडे आटे पाडत फिटिंग बसवून बघायचं. आटे अडकून बसू नयेत म्हणून त्यांना अँटी-सीझ लावा. टेफ्लॉन टेप इथे जळून जाते.

आणि वायर. याच ठिकाणी चांगल्या गेजची माती होते. थर्मोकपलची वायर म्हणजे दोन वेगळे धातू, त्यांच्यातला व्होल्टेज अंशामागे जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट. ती कमी पडली म्हणून वायरिंगवाल्याने साधी तांब्याची वायर जोडली, तर गेज चालतं, काटा हलतो, कोणाला शंकाही येत नाही. पण जोड इंजिनाजवळ ८० अंशांत आणि गेज केबिनमध्ये ३० अंशांत असेल, तर आकडा सुमारे ५० अंशांनी कमी दिसतो. म्हणजे तुम्ही ६९० बघून निवांत, आत ७४०. वाढवायचीच असेल तर के टाइपचीच एक्स्टेन्शन केबल वापरा. दुसरी गंमत रंगाची: अमेरिकन पद्धतीच्या के टाइपमध्ये पिवळी वायर प्लस आणि लाल मायनस. आपल्या वायरिंगवाल्याच्या हाताला लाल म्हणजे प्लस हे इतकं पाठ असतं की तो विचारतही नाही. इंजिन तापताना काटा मागे जात असेल तर दुसरं काही शोधू नका, वायरी उलट्या आहेत.

बसवण्याआधी प्रोब उकळत्या पाण्यात धरून पाहा. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. गेजचा काटा शंभरच्या जवळ स्थिर राहिला तर ठीक. जपानी ब्रँडच्या नावाने मिळणाऱ्या नकली गेजमध्ये बरीच या परीक्षेत नापास होतात.

बूस्टचं फार अवघड नाही. इंटरकूलरनंतर, इनटेक मॅनिफोल्डच्या जवळून टी (तीन तोंडांचा जोड) घ्या, होजला क्लिपा लावा. दोन बार किंवा ३० पीएसआयचा डायल पुरे. पेट्रोलसाठी बनवलेलं, अर्धा डायल व्हॅक्यूमचा असलेलं गेज घेऊ नका, डिझेलला ती जागा वाया जाते. बूस्ट किती चढतो यापेक्षा कसा चढतो ते बघा. तुमचा टर्बो व्हीजीटी, म्हणजे फिरत्या पात्यांचा, आहे. पाती काजळीने अडकायला लागली की बूस्ट उशिरा येतो किंवा एकदम उसळी मारून गाडी लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे ताकद कापून कशीबशी चालते. रोजचा काटा डोळ्यांत बसलेला असेल तर हे आधीच कळतं.

ऑइल प्रेशरचा सेन्सर कंपनीच्या स्विचच्या जागी टी लावून बसवतात. जड सेन्सर पितळी टीवर थेट इंजिनाला लटकवू नका. डिझेलच्या थरथरीने पितळ तडकतं आणि ऑइल रस्त्यावर. ब्रेडेड होजने सेन्सर बॉडीवर घ्या आणि मूळ स्विच चालू ठेवा. ऑइलची नळी केबिनपर्यंत आणणारं मेकॅनिकल गेज कितीही स्वस्त मिळालं तरी नको, मांडीवर गरम ऑइल सांडून घ्यायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

कूलंटचा कंपनीचा काटा बहुतेक गाड्यांत मुद्दाम झोपवलेला असतो. ७५ ते १०५ मध्ये कुठेही असलं तरी तो मध्यावर, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. तुमच्याकडे डोंगल आहे तर तिसरी जागा ऑइल प्रेशरला द्या आणि कूलंट मोबाइलवर ठेवा. फक्त लक्षात असू द्या, पाणी पूर्ण निघून गेलं तर सेन्सर हवेत लोंबकळतो आणि आकडा उलट खाली येऊ शकतो.

ए-पिलरबद्दल: वरच्या मॉडेलला किंवा दुसऱ्या गाडीला पिलरच्या आत कर्टन एअरबॅग असेल तर तिथे पॉड लावायचाच नाही. तुमच्या पिलरवर 'एअरबॅग' लिहिलेलं नसलं तरी प्लॅस्टिक काढून एकदा खात्री करा. पॉडमुळे उजव्या वळणावरचा माणूस झाकला जात असेल तर स्टिअरिंगच्या मागे डॅशवर दोनच गेज लावा. वीज इग्निशनच्या फ्यूजवरून, फ्यूज टॅप घालून घ्या. फायरवॉलमधून वायर नेताना रबरी ग्रोमेटमधूनच, वर कोरुगेटेड नळी. तीही उंदीर कुरतडतात, पण कमी. सर्व गेजचं अर्थिंग एकाच बोल्टवर. बझर असलेलंच ईजीटी गेज घ्या आणि तो ७०० ला लावा. घाटात तुमची नजर रस्त्यावर असते, गेजवर नाही.

लेहसाठी एवढंच. लेह ३,५०० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६५ टक्के. खारदुंग ला ५,३५९ मीटर, तिथे जेमतेम निम्मा. तेवढीच हवा कोंबायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं, आणि तरी हवा कमी पडली तर ईजीटी चढतो. कंपनीचा ईसीयू उंचीप्रमाणे इंधन कापतो. रिमॅपवाल्याने ती मर्यादा आणि धुराची मर्यादा जशीच्या तशी ठेवली आहे का, हे निघण्याआधी त्याला स्पष्ट विचारा. ओबीडीवरचा बूस्ट बघत असाल तर तो एकूण दाब असतो, त्यातून पुण्यात ९५ किलोपास्कल वजा करायचे तर लेहमध्ये ६५; गेज मात्र आजूबाजूच्या हवेच्या वरचाच दाब दाखवतं. दोन्ही आकडे जुळत नाहीत म्हणून सेन्सर बदलत बसू नका. खिंड चढून थांबलात की ईजीटीचा काटा २०० च्या खाली येईपर्यंत इंजिन चालू ठेवा, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल जळून बसत नाही.

टूलकिटमध्ये एक जादा प्रोब आणि त्या भोकाच्या मापाचा १/८ एनपीटीचा स्टीलचा प्लग ठेवा. प्रोब तुटला तर तो काढून प्लग मारायचा आणि पुढे निघायचं. कारगिलमध्ये एनपीटीचा प्लग शोधत फिरायची वेळ येऊ देऊ नका.