मुलगी मला ‘बाई’ म्हणू लागली आहे

प्रश्न : मी सोळा वर्षांपासून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. शाळा द्विशिक्षकी असून तिसरी आणि चौथी माझ्याकडे आहेत. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो आणि मी रोज येऊन-जाऊन नोकरी करते. डिसेंबर लागला की स्नेहसंमेलनाचा सराव, केंद्राच्या क्रीडा स्पर्धा, सहल आणि ऑनलाइन माहिती यांत दिवस सरतो. संध्याकाळी घरी पोहोचते तेव्हा घशातून आवाज निघत नाही. यंदा माझ्या चौथीतल्या एका हुशार मुलीचे आईवडील उशिराच्या टोळीबरोबर ऊसतोडीला निघाले आहेत आणि तिलाही सोबत नेणार आहेत. गावात तिची आजी आहे, पण ती थकलेली आहे. हंगाम संपेपर्यंत तुला माझ्या घरी ठेवून घेईन, असा शब्द मी त्या मुलीला दिला. घरी सांगितले तेव्हा यजमानांनी साफ नकार दिला, सासूबाई गप्प राहिल्या. माझी नऊ वर्षांची मुलगी, तीही चौथीतच आहे, शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती. त्या रात्रीपासून ती मला ‘आई’ऐवजी ‘बाई’ म्हणते. आधी थट्टा वाटली, पण आता दहा दिवस झाले. त्यात तिच्या शाळेचे स्नेहसंमेलन आणि आमचे एकाच शनिवारी संध्याकाळी आले आहे. तिला नाटकात दोन ओळींचे काम आहे. आम्हाला पाहुण्यांची तारीख मिळालेली असल्यामुळे आमचा कार्यक्रम पुढे ढकलता येत नाही. माझ्या पाच किरकोळ रजा शिल्लक आहेत, त्या महिनाअखेरीस वाया जातील. यजमान म्हणतात, बालसंगोपन रजा टाक आणि घरी बस. माझे कुठे चुकते आहे?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात कामांचा पाढा मोठा आहे आणि ‘बाई’ या शब्दाला दोन-चार ओळी मिळाल्या आहेत, मी मात्र पत्र तिथूनच वाचायला घेतले. नऊ वर्षांचे मूल रागावले की आदळआपट करते, रुसून बसते, ताटावरून उठून जाते. तुमची मुलगी यांतले काहीच करत नाही, तिने शांतपणे तुमचे नाते बदलून टाकले आहे. एवढा नेमका शब्द तिला सापडला, यावरून ती तुम्हाला किती बारकाईने पाहते आहे हे कळते. म्हणून तिला रागावू नका, आणि ‘आई म्हण’ असा आग्रहही धरू नका, कारण तसा आग्रह धरणे हे पुन्हा बाईंचेच काम ठरेल.

त्या रात्री काय घडले, ते तुम्हीच क्रमाने लिहिले आहे, पण त्या क्रमाकडे तुमचे लक्ष गेले नसावे. तुम्ही आधी विद्यार्थिनीला शब्द दिलात, मग यजमानांना सांगितलेत, सासूबाईंना ते आपसूक कळले, आणि जिच्या खोलीत, जिच्या अंथरुणाशेजारी ती मुलगी चार महिने झोपणार होती तिला सांगायचे राहूनच गेले. तिने ते भिंतीपलीकडून ऐकले. ऐकले तेही काय, तर आपल्याच वयाच्या, आपल्याच इयत्तेतल्या, आईला ‘हुशार’ वाटणाऱ्या दुसऱ्या एका मुलीबद्दल. त्या मुलीला घरी आणावेसे वाटणे यात मला काहीही गैर दिसत नाही. ज्या शिक्षिकेला डिसेंबरात पटावरच्या रिकाम्या जागा टोचत नाहीत तिच्याबद्दल मला अधिक काळजी वाटली असती. चुकली आहे ती रीत. वर्गात चाळीस मुलांच्या वतीने दिवसभर निर्णय घ्यायचे असतात आणि तिथे कोणाला विचारत बसलो तर शाळा चालणार नाही. तीच सवय तुमच्याबरोबर घरात आली आहे.

हे मी वरून सांगत नाही. माझी आई प्राथमिक शिक्षिका होती. एकदा पाने वाढून झाल्यावर आम्ही भावंडे भांडत होतो, तेव्हा तिच्या तोंडून ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ असे निघून गेले, आणि आम्ही तिघांनी खरोखरच हाताची घडी घातली. त्यानंतर ती बराच वेळ काही बोलली नाही. आम्हाला त्यात गंमत वाटली होती, तिला काय वाटले असेल ते कळायला मला पुष्कळ वर्षे लागली.

आता त्या विद्यार्थिनीविषयी, कारण मुकादमाची गाडी तुमच्या घरातला वाद मिटेपर्यंत थांबणार नाही. माझे स्पष्ट मत आहे की तिला तुमच्या घरी आणू नये. परक्याची नऊ-दहा वर्षांची मुलगी चार महिने दुसऱ्या गावी सांभाळणे ही फार मोठी जबाबदारी आहे. तिचे दुखणेखुपणे, तिची आईवडिलांसाठीची रडारड, उद्या काही बरेवाईट झाले तर द्यावी लागणारी उत्तरे, हे सगळे एकट्या तुमच्या खांद्यावर येईल, आणि घरातल्या इतरांची मनापासून तयारी नसताना ती मुलगीही तिथे अंग चोरूनच वावरेल. शिवाय तुमच्याकडे राहून ती तुमच्यासोबत रोज येऊन-जाऊन करणार आणि तिची आजी मात्र गावात एकटी राहणार, हे मला उलटे वाटते.

स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी राज्यात हंगामी वसतिगृहाची सोय आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते आणि त्यामागची कल्पनाच अशी आहे की मूल आपल्या गावात, आपल्या शाळेत राहावे आणि आईवडील परत येईपर्यंत त्याच्या जेवणाखाण्याची व अभ्यासाची व्यवस्था व्हावी. तुमच्या गावात ते सुरू असेल तर या मुलीचे नाव त्यात आजच घाला. सुरू नसेल तर शेजारच्या शाळांतून आणखी किती मुले जाणार आहेत याची यादी घेऊन केंद्रप्रमुखांकडे जा. एका मुलीची विनंती बाजूला ठेवली जाते, यादी ठेवता येत नाही. आईवडिलांची समजूत घालायची असेल तर आजीला आणि समितीतल्या एखाद्या आईला बरोबर घ्या. मुलगी घरी राहिली तर धाकट्या भावंडाला फडात कोण सांभाळणार, हा त्यांचा खरा प्रश्न असू शकतो आणि त्याचे उत्तर तुमच्या घरी नाही.

एवढे करूनही ते तिला घेऊन गेलेच, तर तिला रिकाम्या हाताने पाठवू नका. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क दिला आहे आणि दाखला मिळायला उशीर झाला या कारणावरून त्याचा प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हमी कार्ड त्यासाठीच असते. ते भरून, तिची वाचन-लेखनाची पातळी त्यावर स्वच्छ अक्षरात लिहून, कारखान्याच्या परिसरातल्या शाळेतल्या शिक्षकांना एक फोन करा. मार्चनंतर ती परत आली की पहिले पंधरा दिवस तिच्या शेजारी कोणाला बसवायचे हे आत्ताच ठरवून ठेवा.

मात्र यातले सर्वांत अवघड काम आधी करावे लागेल. तुम्ही तिला शब्द दिला आहे. तो तुम्ही पाळू शकत नाही, हे तुम्हीच तिला सांगितले पाहिजे. ‘सरांनी नको म्हटले’ किंवा ‘घरचे ऐकत नाहीत’ असे कारण न देता, मी घाईने बोलले आणि ते माझे चुकले, इतक्या सरळ शब्दांत सांगा. मुलांना मोठ्या माणसाचा नकार झेपतो. आशेवर ठेवून टाळत राहणे मात्र त्यांना फार लागते.

आता शनिवारबद्दल. पाहुण्यांची तारीख मिळाली आहे म्हणून कार्यक्रम हलवता येत नाही, असे तुम्ही लिहिता. द्विशिक्षकी शाळेत तुम्ही अर्धी शाळा आहात, ताई. अर्ध्या शाळेला अडचण असेल तर ती मुख्याध्यापकांपुढे मांडणे हा तुमचा हक्क आहे. शुक्रवार चालेल का, हे पाहुण्यांना विचारायला एक फोन लागतो आणि तो अजून कोणी केलेला नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते. विचारल्यावर नकार आला तर निदान कार्यक्रमाची वेळ बदलून पाहा. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे संमेलन दुपारी उरकले तर लहान मुलेही अंधार पडण्याआधी घरी जातील. (पाहुणे सांगितलेल्या वेळेपेक्षा दीड तास उशिरा येतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मुले रंग लावून थंडीत कुडकुडत बसतात आणि पाहुण्यांचे भाषण मुलांच्या नाचापेक्षा लांबते.) दोन्ही पर्याय संपले, तर सूत्रसंचालन समितीतल्या कोणाकडे तरी सोपवा आणि तुमच्या वर्गाची गाणी सुरुवातीला ठेवून ती संपताच निघा. दोन्ही ठिकाणी अर्धे-अर्धे थांबण्याचा पर्याय मी मुद्दाम सांगत नाही; ज्या कार्यक्रमात मुलीच्या दोन ओळी आहेत तिथे त्या दोन ओळींच्या वेळी तुम्ही समोर असणे, एवढेच त्या संध्याकाळी न हलणारे धरा आणि बाकी सगळे त्याभोवती लावा.

तुमच्या घशाचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे, मला तो महत्त्वाचा वाटतो. सरावात ध्वनिक्षेपकावरच्या गाण्यावर आवाज चढवून मुलांना सूचना द्यायच्या आणि घरी येऊन कुजबुजत बोलायचे, असे बहुतेक शिक्षिका करतात; परंतु कुजबुजण्यानेही स्वरयंत्राला ताण पडतो. गाणे थांबवूनच सूचना द्या, चौथीतल्या दोन मुलांना हातवारे शिकवून पुढे उभे करा, पाण्याची बाटली जवळ ठेवा. आवाज बसलेला तीन आठवड्यांहून अधिक काळ तसाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. हे मी केवळ प्रकृतीसाठी सांगत नाही. घरी परतताना तुमच्याकडे आवाजच उरत नसेल, तर तुमच्या मुलीला गेला महिनाभर आईच्या वाट्याचे काय मिळाले असेल, याचा विचार करा: खुणा, टेबलावर बोटाने टकटक, आणि ‘दप्तर भरलेस का?’ एवढीच विचारणा.

रजेबाबत यजमानांचे म्हणणे मी वरवर बाजूला सारणार नाही. महिला कर्मचाऱ्यांना राज्यात संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, आणि ती घेण्यात कमीपणा नाही. पण ती भांडणाचे उत्तर म्हणून घेऊ नका. पुढे मुलीच्या आजारपणात किंवा दहावीच्या वर्षी तिची खरी गरज लागेल. आत्ता किरकोळ रजा पुरेशा आहेत. वर्षअखेरीस त्या जाणारच आहेत, म्हणून दोन वापरा: एक मुलीच्या रंगीत तालमीच्या दिवशी आणि एक तशीच, कोणतेही काम न काढता. सहकारी शिक्षकांना चारही वर्ग सांभाळावे लागतील, तेव्हा तारखा त्यांना आधी सांगा आणि त्यांच्या रजेच्या दिवशी तुम्ही वर्ग सांभाळा. ऑनलाइन माहितीबद्दल एवढेच, की शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकांसाठी आठवड्याला जे ४५ तास धरले आहेत त्यांत पूर्वतयारीचा वेळही आलेला आहे. रात्री दहा वाजता मोबाईलवर भरलेले तक्ते त्या हिशेबात बसत नाहीत, आणि सकाळी साडेदहाला भरले तरी बहुधा चालतात.

यजमानांनी नकार दिला हे तुम्हाला टोचले आहे. मला मात्र त्यांचा नकार त्या मुलीला होता असे वाटत नाही, न विचारण्याला होता. तुम्ही पुन्हा एकदा बोला, या वेळी मुलीला आणि सासूबाईंना समोर बसवून. त्या मुलीसाठी आपण घरी न आणता काय करू शकतो, असे विचारा. सासूबाई गप्प राहिल्या असे तुम्ही लिहिता, पण त्यांना कोणी विचारले होते का, हे लिहिलेले नाही. कदाचित त्या म्हणतील की रविवारी तिला आणि तिच्या आजीला जेवायला बोलवा. कदाचित तुमची मुलगी म्हणेल की तिला माझी गेल्या वर्षीची पुस्तके द्या, किंवा काहीच देऊ नका. तिने ‘काहीच देऊ नका’ म्हटले तरी ते ऐकून घ्या आणि त्यावर तात्पर्य सांगू नका.

‘बाई’ हा शब्द लगेच जाणार नाही. काही दिवस ती तुम्हाला पारखून पाहील, मध्येच विसरून ‘आई’ म्हणेल आणि लक्षात आल्यावर पुन्हा ‘बाई’ वर येईल. तेव्हा हसू नका.

आणि एक राहिले. तिला नाटकात दोन ओळींचे काम आहे असे तुम्ही लिहिले आहे, पण त्या ओळी कोणत्या हे पत्रात कुठेच नाही. आज घरी गेल्यावर तिला त्या म्हणून दाखवायला सांगा, आणि ती म्हणत असताना तिचे उच्चार सुधारू नका.