छोट्या वर्कशॉपमध्ये त्याच त्याच अडचणी पुन्हा येतात, कायमचा उपाय काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : भोसरीत छोटं मशीन शॉप आहे, आठ-नऊ माणसं. रिजेक्शन येतं, डिस्पॅच लांबतो, पार्टीकडे पैसे अडकतात. दर वेळी तुम्ही स्वतः उभं राहून निस्तरता आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. सांगून सांगून थकलात, तर आता कडक सुपरवायझर ठेवावा का?

इतक्यात ठेवू नका. मी अशाच छोट्या कारखानदारांबरोबर काम करतो आणि माझं ठाम मत आहे, की एकच चूक वेगवेगळ्या माणसांच्या हातून होत असेल तर कारण कामाच्या पद्धतीतच असतं. ‘लक्ष देऊन करा’ म्हटल्याने पद्धत बदलत नाही. तुम्ही धावून जाता तेव्हा माल वेळेवर जातो खरा, पण ते कारण तिथेच राहतं.

चाकणजवळच्या एका शॉपचं उदाहरण देतो. जॉबला २५ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे आरपार गोल भोक. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, एच-सेव्हन या दर्जाचा : शून्य ते अधिक २१ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग). बोअर मोठा होऊन पीस रिजेक्ट व्हायचे. ऑपरेटर म्हणायचा इन्सर्ट (टूलवर बसवायचं कापणारं छोटं पातं) खराब, म्हणून मालकाने महागडे इन्सर्ट आणले. फरक शून्य. मग रिजेक्ट पीस वेळेनुसार लावून पाहिले, तर बहुतेक शिफ्ट बदलल्यानंतरचे. त्या वेळी इन्सर्टचा झिजलेला कॉर्नर, म्हणजे कापणारं टोक, बदलला जायचा. नवा कॉर्नर जुन्याच्या जागी तंतोतंत बसत नाही, काही शतांश मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात, आणि इथे मोकळीक जेमतेम दोन शतांशाची. ऑपरेटर मोजून ऑफसेट, म्हणजे मशीनला तेवढ्या फरकाची दुरुस्ती, का देत नव्हता? बोअर गेज, म्हणजे भोकाचं माप घ्यायचं उपकरण, हाताशी नव्हता. तो ऑफिसच्या कपाटात, कारण आधीचा एक पडून बिघडला होता. कपाटाची किल्ली मालकाच्या खिशात आणि मालक संध्याकाळी घरी.

उपाय साधा निघाला. गेज आणि तो जुळवायची ठरावीक मापाची सेटिंग रिंग मशीनशेजारी, फोममध्ये खाच कापून ठेवली. मशीनच्या दारावर ऑपरेटरनेच लिहिलं : ‘कॉर्नर बदलला की बोअर ०.१ कमी ठेवून कट, मोज, मग फायनल.’ बोअर लहान राहिला तर पुन्हा कापता येतो, मोठा झाला की भंगार.

टोयोटाचे ताइची ओनो पाच वेळा ‘का’ विचारायला सांगायचे, ते असं मूळ कारणापर्यंत पोचण्यासाठीच. जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांचं १९६१ मधलं उदाहरण तर छोट्या उद्योजकाने जरूर ध्यानात ठेवावं. एका जपानी कारखान्यात छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंग बसवायच्या असत आणि कामगार अधूनमधून एखादी विसरत. शिंगोंनी एवढंच बदललं : आधी दोन स्प्रिंग बशीत काढून ठेवायच्या, मग जुळणी करायची. बशीत स्प्रिंग उरली की चूक जागेवरच कळते.

तुम्ही सुरुवात वहीने करा. काम जेव्हा जेव्हा अडेल तेव्हा तारीख, वेळ, मशीन, काय अडलं आणि किती वेळ, एवढं लिहायला सांगा. माणसाचं नाव लिहायचं नाही. नाव आलं की लोक खरं लिहिणं बंद करतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. दोन-तीन आठवड्यांनी ज्या गोष्टीने सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला ती एकच उचला आणि ती थांबेपर्यंत दुसरीला हात लावू नका.

डिस्पॅचचं म्हणाल तर पुष्कळदा माल मशीनवर अडकलेला नसतोच. तो प्लेटिंगला नाहीतर हीट ट्रीटमेंटला बाहेर पडून असतो आणि कधी येणार हे फक्त तुमच्या व्हॉट्सअॅपमध्ये असतं. शॉपमध्ये फळा लावा. प्रत्येक ऑर्डरला एक ओळ, माल बाहेर कधी गेला आणि कधी यायचा, दोन्ही तारखा सगळ्यांना दिसतील अशा. आणि पार्टीकडून ड्रॉइंगची नवी रिव्हिजन (सुधारित प्रत) आली की मशीनवरची जुनी प्रत आधी फाडायची, नाहीतर जुन्याच मापाचा माल बनतो.

पैशांबाबत कायदा तुमच्या बाजूने आहे. एमएसएमईडी कायदा, २००६ (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा कायदा) यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागतं. उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर आधी करा आणि तो नंबर प्रत्येक बिलावर छापा. मोठ्या पार्टीपुढे व्याजाचा विषय काढणं किती अवघड असतं, हे मला माहीत आहे. पण चलन आणि बिलातली संख्या न जुळणं, पीओ (पर्चेस ऑर्डर) नंबर चुकणं, बिल चार दिवस उशिरा पाठवणं, यामुळे पार्टीच्या स्टोअरमध्ये आपल्या मालाची एंट्रीच रखडते आणि पैसे त्याच्यामागे रखडतात. हे दुरुस्त करायला कुणाशी भांडावं लागत नाही, त्यामुळे पैशांच्या बाजूने सुरुवात इथूनच करा.