एचएमव्ही भारतात नक्की कधी सुरू झाली? महत्त्वाच्या तारखा कोणत्या?

1946 धरू नका, एवढं आधी सांगतो. एचएमव्ही म्हणजे हिज मास्टर्स व्हॉइस, ग्रामोफोन कंपनीची कुत्र्याच्या चित्राची निशाणी; त्या साली ही कंपनी इथे कागदोपत्री रजिस्टर झाली, रेकॉर्डिंग त्याच्या 44 वर्षं आधीपासून चालू होतं. मला हे एवढं लागतं कारण या एका सालापायी आमच्या घरातल्या तबकड्या गेल्या.

आजोबांची पत्र्याची ट्रंक माळ्यावर होती, त्यात जुन्या पेपरात गुंडाळलेल्या तेरा-चौदा तबकड्या. त्यातली एक अजून हाताला आठवते, लाखेची, जड, काठाला टवका उडालेला, गाणं एकाच बाजूला आणि मागची बाजू कोरी. लेबलवर कुत्रा नाही, लेखणी घेऊन बसलेला पंखवाला देवदूत, आणि हॅनोव्हरचं नाव. मोठे काका म्हणाले, कंपनी 1946 ची, हिच्यावर कुत्रा नाही, वर जर्मनीचं नाव, म्हणजे डुप्लिकेट माल. बाबा त्यांच्यापुढे कधी बोलले नाहीत, तेव्हाही नाही. मी शाळेतून आलो तर ट्रंक रिकामी, सगळं रद्दीवाल्याला दिलेलं.

आता खरं काय ते बघा. 1902 च्या शेवटी ग्रामोफोन कंपनीचा रेकॉर्डिंग करणारा माणूस, फ्रेड गैसबर्ग, कलकत्त्यात आला, नोव्हेंबरमध्ये त्याने गायिका गौहर जानचा आवाज घेतला. तबकड्या छापायची सोय इथे नव्हती, मास्टर म्हणजे मूळ रेकॉर्डिंग बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जायचे आणि तबकड्या बनून परत यायच्या. गाणं संपलं की गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते ना, ते यासाठीच म्हणतात, की तिकडच्या लोकांना लेबल कुणाचं लावायचं ते कळावं. 1908 ला कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला, मग तबकड्या इथेच बनू लागल्या. कंपनीची पहिली निशाणी देवदूतच होता, लेबलवर कुत्रा नंतर आला. म्हणजे काकांनी डुप्लिकेटच्या म्हणून जेवढ्या खुणा दाखवल्या त्या सगळ्या जुनेपणाच्या होत्या!

पुढचं पटकन सांगतो. 1931 ला विलायतेत ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया ही दुसरी रेकॉर्ड कंपनी एक होऊन ईएमआय ही कंपनी झाली, 1985 ला इथली कंपनी आरपीजी ग्रुपने घेतली आणि 2000 साली नाव सारेगामा झालं.

तुमच्याकडे जुनी तबकडी असेल तर कुणाचं ऐकून टाकू नका, आधी लेबलजवळच्या गुळगुळीत पट्ट्यातला रेकॉर्डिंगचा नंबर उजेडात तिरका धरून वाचा. हां, एक राहिलं, लेबलवरून रेकॉर्डिंगचं साल पक्कं ठरत नाही, जुनंच रेकॉर्डिंग नव्या लेबलने परत काढलेलं असतं. आणि एक बाजू कोरी असलेली प्रत्येक तबकडी हॅनोव्हरचीच असेल असंही नाही.

पण आमची होती. काका प्रत्येक लग्नकार्यात अजून 1946 च सांगतात आणि घरातलं कुणी त्यांना खोडत नाही, म्हणून इथे लिहितोय: काका, ती तबकडी खरी होती.