चिखलातून फिरवून आणल्यापासून जीपचं इंजिन मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये तापतंय. काय तपासू?

हायवेवर तापमानाचा काटा जागेवर आणि अंधेरीच्या सिग्नलला वर चढत असेल, तर आधी रेडिएटरला मिळणाऱ्या हवेकडे बघा. इलेक्ट्रिक फॅन असेल तर एसी लावा, तो फिरायलाच हवा. नाही फिरला तर फ्यूज आणि रिले (फॅनला वीज जोडणारा स्विच) तपासा.

फिरतोय? मग संशय चिखलावरच. तो एसी कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बसतो. समोरून सगळं स्वच्छ दिसतं. वरून टॉर्च मारा. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे सोडा, साध्या पाइपने. प्रेशर वॉशरने रेडिएटरच्या बारीक पात्या वाकतात. पुढच्या वेळी चिखल ओला असतानाच धुवा, वाळला की निघता निघत नाही.

कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होत असेल तर गळती शोधा, नुसतं पाणी ओतत राहू नका. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कृपा करून उघडू नका, उकळतं कूलंट थेट तोंडावर उडतं.